रणांत हरवलेलीं माणसें

वैशाख शुद्ध तृतीयेस खानदेशांत आखाजी म्हणतात. जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांत या सणाचें महत्त्व दिवाळीच्या खालोखाल आहे. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाण्यांनीं गांव दुमदुमून जातो. आणि त्याच दिवशीं घरोघर घागर भरली जाते. मातीची घागर पाण्यानें भरून तिजवर खरबूज, ज्यास खानदेशांत डांगर म्हणतात, तें ठेवावयाचें. सांजोरी, पुरणपोळी व आंब्याचा रस यांचा नैवेद्य करावयाचा. आणि घरांतील दिवंगत माणसांचीं नांवें घेऊन त्यांना घांस द्यावयाचा, अशी ही रीत आहे. ज्याचा मृत्यु झाला त्याच्या नांवानें घागर भरतां येते. जो जिवंत आहे त्याची वाट पाहतां येते. परंतु जो रणांत गेला, परत आला नाहीं, आणि ज्याचें प्रेतहि कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं, त्याच्या आईनें आखाजीच्या दिवशीं काय करावें? घागर भरावी, तर मुलगा गेला असें आपल्याच हातांनीं कबूल केल्यासारखें होतें. न भरावी, तर तो खरोखरच गेला असल्यास त्याचा घांस चुकला. युद्धाचा इतिहास लिहिणारे जय आणि पराजय यांचा हिशेब मांडतात. या आईचा प्रश्न मात्र त्या हिशेबांत क्वचितच येतो.

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नव्हे. चाळीसगांवाहून धुळ्यास जाणारा जो आगगाडीचा फांटा आहे, त्यावर धुळ्याच्या अलीकडे बोरविहीर नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. २०१६ सालीं सप्टेंबरच्या २९ तारखेस, नियंत्रण रेषेपलीकडील तळांवर भारतीय सैन्यानें छापे घातल्याची वार्ता देशभर पसरली त्याच दिवशीं, या बोरविहीरचा एक तरुण जवान काश्मीरांत चुकून ती रेषा ओलांडून पलीकडे गेला. आईबापांचें छत्र लहानपणींच हरपल्यामुळें आजीआजोबांनीं त्यास वाढविलें होतें. नातू पलीकडे सांपडल्याची बातमी कानीं पडतांच आजीनें प्राण सोडले, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. पुढें दोन्ही सैन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत दूरध्वनीवरून वारंवार बोलणीं झालीं. धुळ्याचे तत्कालीन खासदार डॉ. सुभाष भामरे हे त्या वेळीं संरक्षण खात्याचे राज्यमंत्री असल्यामुळें खानदेशची हांक दिल्लींत तत्काळ पोंचली. तो जवान जिवंत आहे असें कळलें, आणि २१ जानेवारी २०१७ रोजीं, म्हणजे ११४ दिवसांनीं, वाघा सरहद्दीवर तो भारतीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला. धुळें जिल्ह्यानें त्या दिवशीं सुटकेचा श्वास टाकला. तथापि रणांत हरवलेल्या सर्वांचेंच दैव इतकें बलवत्तर नसतें.

मराठ्यांच्या इतिहासांत या दुःखाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पानिपतचें होय. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासराव पडले, त्यांचें प्रेत सर्वांनीं पाहिलें. सदाशिवरावभाऊ मात्र गर्दीच्या ऐन मध्यावर घुसले ते पुन्हां कोणास दिसले नाहींत. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजानें, दुसऱ्या दिवशीं एक शिरावेगळें धड भाऊंचें म्हणून ओळखलें गेलें व त्याला अग्निसंस्कार झाला, असें लिहून ठेविलें आहे. परंतु पुण्यास या वार्तेनें कोणाचें समाधान झालें नाहीं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या रणभूमीवरून मोठ्या संकटानें परत आल्या होत्या. त्यांनीं पतीचा मृत्यु कधींच मानिला नाहीं. १७८३ सालीं त्यांचें देहावसान झालें तोंपर्यंत बावीस वर्षें त्यांनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत.

ही निष्ठा आदरणीय खरी. परंतु निश्चित वार्तेच्या अभावीं समाजाच्या अंगावर काय येतें, हेंहि त्याच काळानें दाखविलें. सुखलाल नांवाच्या एका कनोजी ब्राह्मणानें, आपणच भाऊसाहेब, असें जाहीर केलें. तो पकडला जाऊन रत्नागिरीस कैदेंत पडला, परंतु तेथील अंमलदारानेंच त्यास सोडवून पुढें केलें. १७७६ सालीं त्यानें कोंकणांतील कित्येक किल्ले हस्तगत केले आणि हजारों माणसें त्याच्या झेंड्याखालीं जमलीं. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांपुढें त्याचा मोड झाला, तो आंग्र्यांच्या हातीं लागला आणि त्यास पुण्यास देहांत शासन झालें. न. चिं. केळकर यांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकामुळें ही कथा मराठी घरांत सर्वश्रुत झाली आहे. तिचें मर्म मात्र एवढेंच, कीं जेथें खरी बातमी मिळत नाहीं तेथें खोटी बातमी सत्यासारखी चालते. आणि तिच्यामागें धांवणारे लोक मूर्ख नसतात, ते आशेनें व्याकुळ झालेले असतात.

पानिपतानंतर दीडशें वर्षांनीं पहिलें जागतिक महायुद्ध झालें. तोंपर्यंत पलटणींचे पट, हजेऱ्या, पगारपत्रकें अशी सर्व व्यवस्था सैन्यांत आलेली होती. तेव्हां आतां कोणी निनांवी मरणार नाहीं अशी अपेक्षा करणें चूक नव्हतें. मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, कूत येथें डिसेंबर १९१५ पासून जनरल टाउनशेंड यांची फौज वेढली गेली. तीत १०३वी, ११०वी व ११७वी या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं उपासमारीनें टेकीस येऊन सुमारें तेरा हजार माणसें तुर्कांस शरण गेलीं. त्यांतील हजारों वाळवंटांतील वाटचालींत व बंदिवासांत मरण पावलीं. त्या मुलुखांत पडलेल्या व ज्यांची कबर किंवा दहनस्थान ठाऊक नाहीं अशा सैनिकांसाठीं पुढें बसरा येथें भव्य स्मारक उभारण्यांत आलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें एकेक करून कोरलीं गेलीं. हिंदी शिपायांच्या वांट्यास पलटणीचें नांव आणि पुढें एक आंकडा एवढेंच आलें. नांव कोरण्याचा मान हिंदी अधिकाऱ्यांपुरताच राहिला.

महाराष्ट्रांत कोंकण, सातारा इत्यादि भागांतील कित्येक गांवांत त्या युद्धाच्या स्मरणार्थ लाविलेले संगमरवरी पाट आजहि आढळतात. या गांवचे इतके इसम महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतके कामास आले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. तेथेंहि आंकडा आहे, नांव नाहीं. वस्तुतः साम्राज्याच्या युद्धकबरींची व्यवस्था पाहणारें मंडळ १९१७ सालीं स्थापन झालें तें, पद, वंश व धर्म यांचा भेद न करितां सर्व मृतांस सारखाच मान द्यावयाचा, या तत्त्वावर होय. परंतु याच मंडळानें १०४ वर्षांनीं, एप्रिल १९२१ मध्यें नव्हे, तर २०२१ मध्यें, स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून कबुली दिली, कीं आफ्रिका, आशिया व मध्यपूर्व येथील निदान १,१६,००० मृतांचीं, कदाचित् ३,५०,००० पर्यंत मृतांचीं, नांवें कोरलीं गेलीं नाहींत किंवा त्यांचें स्मारकच झालें नाहीं. मंडळानें त्याबद्दल क्षमा मागितली. क्षमेचा तो शब्द ज्यांच्या कानीं पडावयास हवा होता, त्या आया व बायका केव्हांच निघून गेल्या होत्या.

संख्येवर समाधान न मानतां एकेका नांवाचा हिशेब मागावयाचा, ही गोष्ट पुढें एका बलाढ्य राष्ट्रांतील स्त्रियांनीं करून दाखविली. अमेरिकेनें व्हिएतनाममध्यें दीर्घकाळ युद्ध केलें व त्यांत तिचीं ५८,००० हून अधिक माणसें गेलीं. कित्येक वैमानिकांचीं विमानें उत्तर व्हिएतनामांत पाडलीं गेलीं. त्यांतील कोण जिवंत सांपडले व कोण जळून गेले याचा बोध होईना. सरकार प्रथम या पत्नींस मौन पाळण्यास सांगत असे. कैदेंत असलेल्या एका नौदल अधिकाऱ्याची पत्नी सिबिल स्टॉकडेल हिनें हें मौन मोडिलें, आणि १९७० सालीं अशा कुटुंबांची एक राष्ट्रीय संघटना रीतसर स्थापन झाली. जानेवारी १९७३ मध्यें पॅरिस येथें तह झाला. त्या वसंत ऋतूंत ५९१ अमेरिकन कैदी स्वदेशीं परतले. परंतु २,६४६ जणांचा पत्ता लागला नाहीं तो नाहींच.

वॉशिंग्टन येथें १९८२ सालीं उभारलेल्या काळ्या दगडाच्या भिंतीवर या युद्धांत गेलेल्या सर्वांचीं नांवें आहेत. ज्याचा मृत्यु निश्चित झाला त्याच्या नांवापाशीं चौकटीच्या आकाराची लहानशी खूण आहे. जो बेपत्ता आहे त्याच्या नांवापाशीं अधिकाचें चिन्ह आहे. एखाद्याच्या अस्थि सांपडून ओळख पटली, कीं त्या अधिक चिन्हावर चौकट कोरतात. कोणी जिवंत परतल्यास त्या चिन्हाभोंवतीं वर्तुळ कोरावयाचें, असेंहि ठरलेलें आहे. तें वर्तुळ आजवर एकदांहि कोरावें लागलेलें नाहीं. चौकटी मात्र वाढत गेल्या. कारण १९८० नंतरच्या दशकांत दोन्ही जुन्या शत्रूंनीं मिळून शोध करावयास आरंभ केला. ज्या खेड्यांवर बाँब पडले होते तेथील शेतकरीच अमेरिकन पथकांना विमान कोठें कोसळलें तें दाखवूं लागले. जंगलांतील माती चाळून दांत, हाडांचे तुकडे व गणवेशाचीं बटणें गोळा करण्यांत आलीं. १९९५ मध्यें दोन्ही राष्ट्रांत राजनैतिक संबंध जुळले, त्यालाहि या शोधकार्याची मोठी मदत झाली. हजारांहून अधिक जणांची ओळख पटली असून अद्याप पंधराशेंहून अधिकांचा शोध शिल्लक आहे. अर्थात् व्हिएतनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक याहून फार अधिक, सुमारें तीन लाख सांगितले जातात. त्यांच्या आयांचें दुःख कमी मानण्याचें कारण नाहीं.

अमेरिकेसहि तोतयांचा उपद्रव चुकला नाहीं. १९९१ सालीं तीन बेपत्ता वैमानिक जिवंत असल्याचें एक छायाचित्र सर्वत्र झळकलें आणि देशांत खळबळ उडाली. तपासाअंतीं तें एका सोव्हिएट नियतकालिकांतील शेतकऱ्यांचें जुनें चित्र फेरफार करून बनविलेलें निघालें. त्यानंतर अमेरिकन सिनेटच्या समितीनें सर्व कागदपत्रें तपासून १९९३ च्या आरंभीं निर्णय दिला, कीं आग्नेय आशियांत कोणी अमेरिकन कैदी अजून जिवंत आहे असें मानण्यास सबळ पुरावा नाहीं. निर्णय कठोर होता, कित्येकांस तो पटलाहि नाहीं. परंतु तो उघडपणें, कागद पुढें ठेवून दिला गेला होता.

आतां आपल्या देशाकडे वळावें. डिसेंबर १९७१ च्या युद्धांत पूर्वेकडे पाकिस्तानची नव्वद हजारांहून अधिक माणसें भारताच्या हातीं सांपडलीं. १९७२ चा सिमला करार व १९७३ चा दिल्ली करार यांनंतर तीं सर्व १९७४ पर्यंत परत पाठविण्यांत आलीं. पाकिस्ताननेंहि आपल्या ताब्यांतील भारतीय युद्धकैदी परत केले. परंतु ज्यांच्या आगमनाकडे कुटुंबें डोळे लावून बसलीं होतीं असे कांहीं अधिकारी व शिपाई त्यांत नव्हते. त्यांत एक होते फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. युद्धाच्या पहिल्या दिवसांतच त्यांचें सुखोई विमान पाकिस्तानच्या हद्दींत पडलें. त्याच सुमारास ढाक्याच्या एका वृत्तपत्रानें पांच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापली. तींत एक नांव 'टोंबे' असें होतें. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. वृत्तपत्रांतील त्या एका चुकलेल्या नांवाच्या आधारावर त्यांनीं पन्नास वर्षें शोधाचा धागा सोडला नाहीं.

इतर कुटुंबांच्या हातींहि असेच कागदाचे कपटे आले. २७ डिसेंबर १९७१ च्या 'टाइम' साप्ताहिकांत गजांआड उभ्या असलेल्या एका भारतीय कैद्याचें छायाचित्र होतें. एका मेजराच्या घरच्यांनीं तें आपल्या माणसाचें म्हणून ओळखलें. दुसऱ्या एका मेजराच्या वडिलांस १९७४ च्या अखेरीस पाकिस्तानांतून मुलाची चिठ्ठी आली. संरक्षण खात्यानें अक्षराची तपासणी करविली आणि त्या अधिकाऱ्याची नोंद 'युद्धांत ठार' अशी होती ती बदलून 'बेपत्ता' अशी केली. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत जाणाऱ्यांस कागदाचें हें मोल सांगावयास नको. एका सुट्या पत्रावरून राजाचा शक ठरतो, लढाईची तिथि ठरते. मग एका शिपायाचें जीवित व मरण ठरविण्यासाठीं एक चिठ्ठी तुच्छ कशी मानावी?

१९७९ सालीं लोकसभेंत चाळीस बेपत्तांची यादी सादर झाली. पुढें ती चोपन्नपर्यंत गेली. १९८३ व २००७ सालीं नातेवाइकांच्या तुकड्या पाकिस्तानांतील तुरुंगांत जाऊन आल्या. त्यांना कोणीहि सांपडलें नाहीं. भारत सरकारनें २०१९ सालीं संसदेंत सांगितलें त्याप्रमाणें, १९७१ पासूनच्या या चोपन्न जणांसह एकंदर ८३ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या ताब्यांत असल्याचें मानलें जातें. आणि पाकिस्ताननें आपल्याकडे असा कोणीहि असल्याचें वेळोवेळीं नाकारलें आहे. एकीकडे यादी आहे, दुसरीकडे नकार आहे. या दोहोंच्या मध्यें एकहि संयुक्त शोध असा झालेला नाहीं, कीं ज्याचा निष्कर्ष दोन्ही पक्षांस मान्य व्हावा. व्हिएतनामचें उदाहरण येथें आठवतें. तेथील वैर आपल्या वैराहून सौम्य नव्हतें. परंतु मेलेल्यांच्या अस्थि राजकारणाच्या तराजूंतून बाहेर काढतां येतात, हें त्या दोन राष्ट्रांनीं सिद्ध केलें.

शोध चालू ठेविला तर काळहि साहाय्य करतो. ७ फेब्रुवारी १९६८ रोजीं चंदीगडहून लेहकडे निघालेलें भारतीय वायुदलाचें एक विमान १०२ माणसांसह हिमालयांत नाहींसें झालें. २००३ सालीं गिर्यारोहकांना रोहतांगजवळील हिमनदींत त्याचे अवशेष आढळले. सैन्यानें पुनःपुन्हां मोहिमा काढल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें आणखी चार देह हातीं लागले. छप्पन्न वर्षांनीं त्या गांवांत लष्करी इतमामानें अंत्ययात्रा निघाल्या. ज्या घरीं प्रतीक्षा करणारीं माणसें उरलीं नव्हतीं, तेथेंहि त्यांच्या मुलानातवंडांनीं अग्नि दिला.

कायदा व धर्म या दोघांनींहि अशा प्रसंगीं वाट काढून ठेविलेली आहे. सात वर्षें ज्याची वार्ता त्याच्या निकटच्या माणसांस कळली नाहीं तो जिवंत आहे असें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडतो, असा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा नियम असून २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमांतहि तो कायम आहे. धर्मशास्त्रानें बारा वर्षें वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नि देण्याचा विधि सांगितला आहे. या दोन्ही सोयी मालमत्तेसाठीं, संसारासाठीं आवश्यक आहेत. परंतु त्यांनीं मनाचें समाधान होत नाहीं, हें पार्वतीबाईंपासून दमयंतीबाईंपर्यंत सर्वांनीं दाखविलें. मृत्यूचें दुःख काळ हळूहळू शमवितो. बेपत्ताचें दुःख काळाच्या स्वाधीन नाहीं. तें केवळ निश्चित वार्तेनेंच शमतें, मग ती वार्ता कितीहि वाईट असो.

आणि ही वार्ता मिळविणें हें एकट्या कुटुंबाच्या शक्तीबाहेरचें आहे. त्याला पलटणीची नोंद लागते, परराष्ट्राशीं बोलणी लागते, वर्षानुवर्षें खर्च करण्याची तयारी लागते. ज्या राष्ट्रानें शिपायास घरांतून नेलें, त्या राष्ट्राकडेच तो हिशेब येतो. बोरविहीरच्या जवानाच्या बाबतींत चार महिन्यांच्या आंत तो चुकता झाला, कारण दोन्ही सैन्यांत बोलण्याचा मार्ग उघडा होता आणि विचारणारे स्वस्थ बसले नाहींत. १९७१ च्या चोपन्न जणांचा हिशेब अर्ध्या शतकानंतरहि उघडाच आहे. त्यांपैकीं आज कोणी जिवंत असण्याची आशा फार थोडी. परंतु ते कसे, कोठें व केव्हां गेले, हें विचारण्याचा हक्क त्यामुळें संपत नाहीं.

आखाजीला खानदेशांत पुन्हां घागरी भरल्या जातील. ज्या घरांत हरवलेल्या शिपायाचें छायाचित्र भिंतीवर आहे आणि त्यास हार घालावा कीं न घालावा हें अद्याप ठरलेलें नाहीं, त्या घरास सांत्वनाचे शब्द पुरेसे झाले आहेत. त्याला हवें आहे तें एकच वाक्य, खरें आणि शेवटचें. आणि तें शोधून आणून त्या दारांत पोंचविणें हें युद्धाचें उरलेलें काम आहे.